ल्युपस आणि प्रतिकारशक्तीचे आजार : कोकणातल्या एकत्रित संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या रुग्णांसाठी, त्यांच्या घरच्यांसाठी आणि तालुक्याला दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. ल्युपस आणि त्याच्या जातकुळीतले आजार, म्हणजे आमवात, स्क्लेरोडर्मा, श्योग्रेन, मायोसायटिस, रक्तवाहिन्यांचा दाह, यांचा अनेक दवाखान्यांनी मिळून अभ्यास करायचा म्हणजे काय, आणि त्यात रुग्णाच्या वाट्याला काय येतं, हे समन्वयाचं काम करताना मला रोज विचारलं जातं. फोनवर घाईत दिलेलं उत्तर पुरत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिलं आहे. हे वाचून कुणी औषध सुरू किंवा बंद करू नये. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

ल्युपसमध्ये नेमकं होतं काय?

प्रतिकारशक्तीचं काम बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणं. ल्युपसमध्ये ती स्वतःच्याच पेशींविरुद्ध, मुख्यतः पेशीच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध, अँटीबॉडी तयार करते. मग सूज येते. कुणाच्या सांध्यांना, कुणाच्या त्वचेला, कुणाच्या मूत्रपिंडाला, कुणाच्या फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणाला, तर कधी मेंदूला. दहातले जवळपास नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि बहुतेकींना आजार १५ ते ४५ या वयात सुरू होतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-पेला वेगळा ठेवायची गरज नाही, आणि हे घरातल्या प्रत्येकाला सांगायला हवं, कारण अजूनही काही घरांत तो वेगळा ठेवला जातो.

प्रतिकारशक्ती सगळ्यांच्याच शरीरावर का उलटत नाही, यामागच्या पहारेकरी पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तरी मूळ कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही, जगभर त्यावर काम चालू आहे.

कोकणात असे कितीसे रुग्ण असणार? त्यासाठी एवढी खटपट कशाला?

एका दवाखान्यापुरतं पाहिलं तर थोडेच. म्हणूनच ही खटपट. सावंतवाडीच्या एका डॉक्टरांकडे दोन, चिपळूणला तीन, अलिबागला चार अशा विखुरलेल्या रुग्णांकडे पाहून कुठलाच डॉक्टर ठाम काही म्हणू शकत नाही. सगळीकडे तेच प्रश्न त्याच पद्धतीने विचारले आणि नोंदी एका ठिकाणी आल्या, तरच काहीतरी हाती लागतं.

जगात हे असंच घडलं. निरनिराळ्या देशांतल्या ल्युपस तज्ज्ञांनी १९९१ मध्ये 'स्लिक' नावाचा गट बांधला. आजाराने कायमची हानी किती झाली हे मोजायची जी पट्टी आज सगळीकडे वापरतात, ती त्याच गटाच्या कामातून आली. आपल्याकडे लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने अनेक केंद्रांनी मिळून 'इन्स्पायर' हा ल्युपस रुग्णांचा समूह उभा केला. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन संधिवाताच्या आजारांची पाहणी झाली. ही भिगवणची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथे डॉक्टर रुग्णालयात बसून रुग्णाची वाट पाहत राहिले नाहीत.

मोठ्या शहरातल्या रुग्णालयाच्या नोंदीत फक्त तिथवर पोचलेला रुग्ण दिसतो. मंडणगडच्या किंवा दोडामार्गच्या वाडीतून रुग्ण मुंबईला जाते ती बहुधा मूत्रपिंड बिघडल्यावर. जिचा आजार सौम्य आहे ती 'उष्णता झाली', 'वात आहे' म्हणत घरीच राहते. आणि जिचा आजार झपाट्याने वाढला, तिच्या कागदावर कधी कधी शेवटपर्यंत 'ताप' एवढंच असतं. या दोघी कुठल्याच आकडेवारीत नाहीत. त्या नोंदीत याव्यात, यासाठी हे सगळं चाललं आहे.

पावसाळ्यात सगळ्यांनाच ताप येतो. तो ल्युपसचा हे कसं ओळखणार?

कोकणात काम करताना सगळ्यात अवघड प्रश्न हाच. जुलै ते ऑक्टोबर लेप्टो, डेंग्यू, मलेरिया आणि स्क्रब टायफसचे दिवस. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाची भर पडली आहे आणि तो नेमका काजूच्या हंगामात, माणसं रानात असताना येतो. लेप्टोमध्ये प्लेटलेट उतरतात, मूत्रपिंडावर ताण येतो. ल्युपस उसळतो तेव्हाही हेच होतं. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात आणि आमवाताचा भास होतो.

काही धागे हाती लागतात. जंतुसंसर्गात सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारा रक्तातला घटक, बहुधा खूप चढतो, नुसत्या ल्युपसच्या तापात तो अनेकदा त्या मानाने कमी राहतो. रक्तातले सी३ आणि सी४ हे प्रतिकारशक्तीचे पूरक घटक उतरले असतील, लघवीतून प्रथिनं जात असतील, तोंडात न दुखणारे व्रण असतील, तर ल्युपसचा संशय बळावतो. पण ल्युपसच्या रुग्णालाही लेप्टो होतोच, आणि तिची प्रतिकारशक्ती औषधांनी दबलेली असल्याने तो जास्त घातक ठरतो. म्हणून आमच्या नोंदीत तापाचा प्रत्येक प्रसंग वेगळा लिहिला जातो. कोणत्या महिन्यात, शेतात किंवा रानात जाणं झालं होतं का, कोणत्या तपासण्या झाल्या, शेवटी काय निघालं. शहरातल्या फॉर्ममध्ये यासाठी फार तर एक रकाना असतो. आपल्याकडे एक अख्खं पान हवं, असा माझा आग्रह आहे.

स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाने ताप आला म्हणून ती गोळी परस्पर बंद करू नये. अचानक बंद केल्याने जिवावर बेतू शकतं.

माझी एएनए चाचणी पॉझिटिव्ह आली. म्हणजे मला ल्युपस आहे का? अभ्यासात घ्याल का?

एवढ्यावरून नाही. ल्युपसच्या बहुतेक सगळ्या रुग्णांची एएनए, म्हणजे केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी, पॉझिटिव्ह येते हे खरं, पण धडधाकट माणसांचीही येते. १:८० या पातळीला, म्हणजे नमुना ऐंशीपट पातळ करून पाहिला तर, साधारण १३ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह निघतात. गेल्या काही वर्षांत तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये ही चाचणी सर्रास घातली जाते आणि रिपोर्ट हातात पडला की घर हवालदिल होतं. त्रास काहीच नसेल तर ही चाचणी मुळात करूच नये.

संशोधनात कुणाला ल्युपसचा रुग्ण म्हणायचं यासाठी २०१९ चे युरोप-अमेरिकेचे संयुक्त निकष आहेत. एएनए किमान १:८० हे दार. त्यापुढे लक्षणांना आणि तपासण्यांना गुण असतात आणि बेरीज १० किंवा अधिक व्हावी लागते. हे निकष अभ्यासासाठी आहेत. बेरीज ८ झाली म्हणून डॉक्टरांनी उपचार थांबवायचे नसतात. अशा काठावरच्या रुग्णांचीही आम्ही वेगळी यादी ठेवतो, कारण त्यांच्यातल्या काहींचा आजार पुढे पूर्ण रूप घेतो.

मी तालुक्याचा साधा एमबीबीएस डॉक्टर. मला हे झेपेल का?

डॉक्टरसाहेब, हे काम तुमच्याशिवाय होणारच नाही. तज्ज्ञ रुग्णाला तीन महिन्यांनी एकदा बघतात, तुम्ही तिला बाजारातसुद्धा बघता.

तुमच्याकडून प्रत्येक भेटीत हवं ते असं: वजन, रक्तदाब, पट्टीने केलेली लघवीची तपासणी, सुजलेले सांधे किती, अंगावर चट्टे आहेत का, आणि औषधाचा खरोखर घेतला जाणारा डोस. 'खरोखर' यासाठी की चिठ्ठीवर दोन गोळ्या असतात आणि पैसे पुरवायचे म्हणून घरी एकच घेतली जाते. रागावून विचारलंत तर रुग्ण खरं सांगणार नाही.

यातल्या लघवीच्या पट्टीवर मी पुन्हा पुन्हा बोलते. ल्युपसमध्ये मूत्रपिंड बिघडतं ते न दुखता. पायावर सूज, लघवीला फेस हे दिसेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. पट्टीवर प्रथिनं दिसली तर प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करायचं आणि ते ०.५ च्या वर टिकून राहिलं तर रुग्णाला बायोप्सीसाठी वेळेत पाठवायचं. पट्टी बुडवायला एक मिनिट लागतं. अभ्यासात भाग घ्या अगर घेऊ नका, एवढं मात्र करा.

आजार किती सक्रिय आहे हे मोजायची 'स्लेडाय' नावाची २४ मुद्द्यांची पट्टी तज्ज्ञ केंद्रात भरली जाते. तिच्यात फिटच्या झटक्याला ८ गुण, सांधेसुजीला ४, नव्या चट्ट्यांना २. एकच रुग्ण दोन डॉक्टरांनी तपासून दोन वेगळे आकडे काढले तर सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून सुरुवातीला सगळ्यांनी एकत्र बसून तेच रुग्ण तपासायचे आणि आकडे जुळवून घ्यायचे. हे प्रशिक्षण कंटाळवाणं वाटतं. त्याला कोणी दांडी मारू नये.

रक्ताचा नमुना तालुक्याहून मोठ्या केंद्रात जाईपर्यंत खराब होत नाही का?

काळजी घेतली नाही तर होतो. सकाळी रक्त घेतलं की नळी अर्धा तास उभी ठेवायची, रक्त गोठू द्यायचं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर सीरम छोट्या कुप्यांत वाटून भरायचा. प्रत्येक कुपीवर रुग्णाचा क्रमांक आणि वेळ, आणि तीही पाण्याने न पुसल्या जाणाऱ्या शाईने, कारण बर्फाच्या पेटीतून काढली की कुपीला घाम सुटतो आणि साध्या पेनाचं अक्षर बोटाला लागून येतं. नळी तशीच बाकावर राहिली तर सी३-सी४ चे आकडे बदलतात आणि पुढे कुणाला पत्ताही लागत नाही की दोष आजाराचा नसून उशिराचा होता. म्हणून रक्त घेतल्याची, फिरवल्याची आणि पेटीत ठेवल्याची अशा तीन वेळा लिहायच्या. उशीर झाला तर तोही लिहायचा. लपवलेला उशीर उशिरापेक्षा वाईट.

दीर्घकाळ ठेवायचे नमुने उणे ८० अंशाला ठेवावे लागतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे काही गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. हे डोळ्यांसमोर असताना किनारपट्टीवर एकाच फ्रीजरवर भिस्त ठेवणं मला पटत नाही. प्रत्येक नमुन्याच्या दोन कुप्या करायच्या, एक घाटावर किंवा मुंबईला जाईल, एक इथे राहील. कागदी नोंदींचंही तेच. त्याच दिवशी संगणकावर चढवायच्या, आणि मूळ कागद तळमजल्यावर ठेवायचे नाहीत.

भेटीच्या तारखा तुम्ही ठरवता की आम्ही?

तुम्ही. मुंबईहून आलेलं वेळापत्रक इथे चालत नाही. जून-जुलैत लावणी असते, तेव्हा शेतकऱ्याच्या घरातली बाई दवाखान्यात येणार नाही, यायला सांगणंही बरोबर नाही. पण त्याच दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारी बंद असते. मच्छीमार घरांना तेव्हा थोडी सवड असते, म्हणून हर्णै, मिरकरवाडा, मालवणकडच्या रुग्णांच्या सविस्तर तपासण्या आपण तेव्हा घेऊ शकतो. गणपतीत आणि शिमग्यात कुणालाही बोलवायचं नाही. आंबा-काजूच्या दिवसांत दुपारनंतरची वेळ द्यायची. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते, तोवर मालवण तालुक्याचं फेब्रुवारीचं वेळापत्रक आम्ही पक्कं करत नाही.

अभ्यासाच्या आराखड्यात 'दर तीन महिन्यांनी, मागेपुढे दोन आठवडे' अशी सूट लिहिलेली असते. ती वापरायचीच. रुग्ण आला नाही म्हणजे तो बेजबाबदार, हा समज सगळ्यात आधी काढून टाकायला हवा.

मी मुंबईत नोकरीला आहे आणि तिथल्या रुग्णालयातही माझं नाव आहे. इथे परत नोंदवू का?

नोंदवा, पण तसं सांगा. एकाच माणसाची नोंद परळला 'अनिता' आणि कुडाळला माहेरच्या नावाने झाली तर हिशेबात दोन रुग्ण होतात. चाकरमानी कुटुंबांत हे फार होतं. लग्नानंतर नाव बदलतं, पत्ता एकदा चाळीचा तर एकदा गावचा लागतो. आभा, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा क्रमांक असेल तर तो घेऊन या, त्यावरून दोन नोंदी जुळवता येतात. नसेल तरी अडत नाही, जन्मतारीख आणि जुनी फाईल पाहून आम्ही जुळवतो. सिंधुदुर्गातले बरेच जण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातात, त्यांनी तिथले कागद जरूर आणावेत.

संमतीपत्र इतकं लांबलचक का? सही केली की सुटका नाही, असं तर नाही ना?

लांब आहे कारण आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार तुम्हाला सगळं सांगणं बंधनकारक आहे. अभ्यास कशासाठी, तुमच्याकडून काय घेणार, धोका काय, फायदा काय, माहिती कुठे राहणार, तक्रार कोणाकडे करायची. सही करण्याआधी कागद घरी घेऊन जा, कुणाकडून तरी वाचून घ्या, मनात येईल तो प्रश्न विचारा. वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. १८ वर्षांखालच्या रुग्णासाठी आई-वडिलांची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाला स्वतःलाही विचारावं लागतं. बारा वर्षांच्या पोरीने 'रक्त नको' म्हटलं तर आईने डोळे वटारून तिला बसवायचं नाही.

कधीही बाहेर पडता येतं. कारण द्यावं लागत नाही, आणि त्यामुळे उपचारात तसूभर फरक पडता कामा नये. आधी दिलेल्या नमुन्यांचं काय करायचं, ठेवायचे की नष्ट करायचे, हेही तुम्हीच सांगायचं.

गावात कळेल का? माझ्या मुलीचं लग्न व्हायचंय.

हा प्रश्न बहुतेक वेळा सगळं बोलणं झाल्यावर, दाराशी, हळू आवाजात येतो. तो सर्वांत आधी विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

अभ्यासाच्या नोंदीत नावाऐवजी क्रमांक असतो. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळी, कुलूपबंद आणि मोजक्या माणसांच्या हाती. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण गावात बातमी फुटते ती संगणकातून नाही. ती फुटते बाकावरून, फोनवरून, आणि 'काय गो, तुझी ती तपासणी झाली काय?' अशा हाकेतून. म्हणून आम्ही फाईलच्या कव्हरवर आजाराचं नाव लिहीत नाही. रुग्णाला पहिल्याच भेटीत विचारतो की फोन घरात कोणाकडे असतो, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं. आशाताई त्याच वाडीतल्या असतील आणि रुग्णाला ते नको असेल, तर पाठपुरावा दुसऱ्या कुणीतरी करायचा. आशाताईंनी यात वाईट वाटून घेऊ नये.

एका वाडीत एकच रुग्ण असेल तर नाव गाळूनही ती ओळखू येते. त्यामुळे कुठल्याही अहवालात आम्ही गावाचं नाव देत नाही, जिल्हाच देतो.

लग्नाबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते: आजार आटोक्यात असलेली मुलगी नोकरी करते, संसार करते, आई होते. लपवून झालेल्या लग्नात ती गोळ्या चोरून घेते किंवा बंद करते, आणि तिथून आजार उसळतो. कुणाला, कधी सांगायचं हे ती मुलगी ठरवेल. आम्ही कुणालाही सांगणार नाही.

ल्युपसमध्ये मूल होऊ देता येतं का? गरोदरपणी अभ्यासातून काढून टाकता का?

येतं, पण आखून. आजार निदान सहा महिने शांत असावा. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्झेट, सायक्लोफॉस्फमाइड ही औषधं बाळाला घातक, ती आधीच बदलावी लागतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसचं नेहमीचं औषध मात्र चालू ठेवायचं. आईच्या रक्तात अँटी-रो अँटीबॉडी असेल तर साधारण शंभरातल्या दोन बाळांत हृदयाचे ठोके अडखळायचा धोका असतो, म्हणून सोळाव्या-अठराव्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात. गर्भपाताला कारण ठरू शकणारी फॉस्फोलिपिड अँटीबॉडी सापडली तर ती १२ आठवड्यांनी पुन्हा तपासून मगच पक्कं म्हणायचं. वारंवार गर्भपात झालेल्या कित्येक बायकांची ही तपासणी कधी झालेलीच नसते.

निरीक्षणाच्या, म्हणजे नवं औषध न देता नुसत्या नोंदी ठेवायच्या, अभ्यासातून आम्ही गरोदर रुग्णाला काढत नाही. उलट तिची नोंद जास्त मोलाची. नव्या औषधाची चाचणी असेल तर नियम वेगळे.

पैसे मिळतात का? औषध फुकट मिळेल का?

एसटीचं भाडं, सोबत आलेल्या माणसाचं भाडं, बुडालेली मजुरी यांची भरपाई नीतिसमितीने (अभ्यास नीतीला धरून आहे ना हे तपासणाऱ्या समितीने) मान्य केलेल्या रकमेइतकी देता येते. त्याहून जास्त पैसे देणं म्हणजे आमिष, ते चालत नाही. अभ्यासासाठी म्हणून ज्या जादा तपासण्या होतात त्यांचा खर्च रुग्णाने करायचा नाही, एक रुपयाही नाही. नेहमीची औषधं मात्र निरीक्षणाच्या अभ्यासातून मिळत नाहीत, हे मी आधीच स्पष्ट सांगते, नंतर मनं दुखतात.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने डोळे जातात म्हणे?

वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत डोस असेल तर धोका कमी. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासायचा. मूत्रपिंड कमकुवत असेल तर आधीपासूनच. २०२० मध्ये कोविडवर म्हणून लोकांनी या गोळ्या साठवल्या आणि ल्युपसच्या रुग्णांना त्या दुकानोदुकानी हिंडूनही मिळेनात. ज्यांचे डोस तेव्हा चुकले, त्यांनी ते नोंदीत जरूर सांगावं.

गुळवेलीचा काढा घेते. सांगायचं का?

सांगाच. गुळवेल इथे प्रत्येक आंब्याच्या झाडावर चढलेली आहे आणि कोविडपासून घराघरात पोचली आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं, आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण ल्युपसमध्ये आपण प्रतिकारशक्ती दाबायची औषधं देतो, मग ती 'वाढवणारं' काही सोबत घेणं मला धोक्याचं वाटतं. वैद्यांची औषधं, भस्मं, बाबांनी दिलेली पुडी, सगळं लिहिलं जाईल आणि कुणी तुम्हाला बोल लावणार नाही. नवसाचा नारळ जरूर द्या, गोळी चुकवू नका.

जर्मनीत पेशी बदलून ल्युपस बरा केला असं वाचलं. आपल्याला ते कधी?

ते कार-टी उपचार. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत बदल करून, परत शरीरात सोडतात आणि त्या अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींचा नायनाट करतात. एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये अशा पाच रुग्णांचा अनुभव मांडला, ज्यांच्यावर इतर औषधं चालली नव्हती, आणि पाचही जण औषधांशिवाय बरे राहिल्याचं दिसलं. पाच. त्यानंतर जगभर चाचण्या सुरू झाल्या. आयआयटी मुंबईत जन्मलेल्या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती रक्ताच्या कर्करोगांसाठी.

पुढे अशी चाचणी ल्युपससाठी आपल्याकडे झाली, तर रुग्ण कोण निवडले जातील? ज्यांचा अनेक वर्षांचा नीट लिहिलेला इतिहास हाताशी आहे ते. कुठलं औषध किती दिलं, कधी उपयोग झाला नाही, मूत्रपिंड कधी बिघडलं, हे कागदावर नसेल तर देवरुखची रुग्ण रांगेत उभीच राहणार नाही.

आमचं रक्त परदेशात पाठवणार का?

तुमच्या वेगळ्या संमतीशिवाय नाही. परदेशी संस्था भागीदार असेल तर नीतिसमितीबरोबर सरकारी छाननी लागते आणि नमुने कशासाठी, किती काळ, उरलेल्यांचं काय, याचा लेखी करार लागतो. संमतीपत्रात 'भविष्यातील संशोधनासाठी' असा चौकोन असतो. तो नीट वाचून मगच खूण करा. रिकामा ठेवलात तरी अभ्यासात राहता येतं.

शोधनिबंधावर नाव कोणाचं?

डॉक्टर मंडळींत सगळ्यात जास्त भांडणं यावरून होतात, म्हणून पहिल्या बैठकीतच लेखी ठरवायचं. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा आंतरराष्ट्रीय नियम असा की कामात खरा वाटा, लेखनात वाटा, अंतिम मसुद्याला मान्यता आणि जबाबदारी हे चारही असतील तोच लेखक. नुसतं विभागप्रमुख असणं पुरेसं नाही. पण माझं म्हणणं याहून पुढचं आहे. तालुक्याच्या डॉक्टरांना मसुदा वाचायला आणि त्यावर बोलायला दिलाच नाही, तर ते लेखक होणार कसे? तीन वर्षं रुग्ण पाठवून ज्यांचं नाव आभारात संपतं, ते पुढच्या वेळी रुग्ण पाठवत नाहीत, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? मसुदा सगळ्या केंद्रांना एकाच दिवशी गेला पाहिजे.

आणि निकाल? आमचं रक्त घेऊन जातात, पुढे कुणी फिरकत नाही.

ही तक्रार खरी आहे. आमच्याकडे ठरलेलं असं: स्वतःच्या उपचाराला उपयोगी पडणारा प्रत्येक रिपोर्ट रुग्णाला आणि तिच्या डॉक्टरांना हातात मिळेल, तोही छापील, कारण मोबाइलवर आलेला हरवतो. एकत्रित निष्कर्ष साध्या मराठीत दोन पानांवर सगळ्या दवाखान्यांत लावले जातील. शक्य होईल तिथे १० मे च्या जागतिक ल्युपस दिनाच्या आसपास रुग्णांची बैठक घ्यायची आणि पुढे कशाचा अभ्यास व्हावा हे त्यांनाच विचारायचं. डॉक्टर मूत्रपिंडाबद्दल बोलतात. रुग्ण थकव्याबद्दल बोलतात. विळीवर नारळ खवता येतो का, विहिरीचं पाणी ओढता येतं का, मासे सुकवायला उन्हात बसलं की तोंड लाल होतं का, हे प्रश्न रुग्णांनी सुचवले म्हणून आमच्या फॉर्ममध्ये आले.

नाव नोंदवायला येताना काय आणायचं?

जुने सगळे कागद, क्रम लागलेला नसला तरी चालेल. पातळ चकचकीत कागदावरचे रिपोर्ट वर्षभरात कोरे होतात, त्यांचे फोटो आजच काढून ठेवा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेली सुद्धा. काढे, पुड्या. बायोप्सी झाली असेल तर तिचा रिपोर्ट, आणि बायोप्सीच्या तुकड्याची काच कुठल्या प्रयोगशाळेत आहे ते. घरात कुणाला थायरॉइड, आमवात, कोड आहे का, हे आईला किंवा मावशीला विचारून या. सोबत एक माणूस आणा, आणि सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत. उपाशी राहायची गरज नाही. रोजची गोळी घेऊनच घरातून निघा.